तिथं आपलं कोण?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात याच रेडिओवर आपण एक बातमी कान देऊन ऐकतो. नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल झाले. बातमी ऐकली की आपल्याकडचा शेतकरी आकाशाकडं बघतो, कोकणातला माणूस कौलं चाळायला घेतो. अंदमानशी आपला वर्षभरातला संबंध एवढाच. आणखी एक संबंध म्हणजे सावरकरांची कोठडी. पण गेल्या काही वर्षांत एक तिसरा संबंध जोडला गेला आहे. मुंबई-पुण्यात दोन-चार वर्षं नोकरी केलेली मुलं-मुली एके दिवशी राजीनामा देतात आणि घरी येऊन सांगतात, ‘मी अंदमानला जाऊन राहणार आहे.’ सहलीला नव्हे, राहायला. तिथं नोकरी लागली आहे का, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘ती बघू तिथं गेल्यावर.’

आज मला या मुलांविषयी बोलायचं आहे. त्यांना वेडं ठरवायला मी आलेलो नाही आणि त्यांची पाठ थोपटायलाही नाही. नोकरी हातात नसताना एखाद्या बेटावर जाऊन राहायचं, तर नेमकं काय होतं, ते बेट आपल्याकडं काय मागतं, एवढं समजून घ्यावं असा विचार आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करतो. कवी माणसाची ती खोड आहे. अरबीत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात. आपल्या मुरूडच्या जंजिऱ्याचं नाव त्यातूनच आलं. मराठीतल्या ‘बेट’ या शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत. पाण्यानं वेढलेली जमीन म्हणजे बेट, आणि बांबूचंही बेटच असतं. कवितेत आणि सिनेमात जे बेट येतं ते पहिलं. तिथं पांढरी वाळू असते, माड असतात, आणि माणूस नसतो. खरी बेटं दुसऱ्या प्रकारची असतात. बांबूच्या बेटात जसे सगळे बांबू एकमेकांना खेटून, मुळं एकमेकांत गुंतवून उभे असतात, तशी तिथली माणसं राहतात. कोण कुणाचा कोण, कुणाकडं कुठलं हत्यार आहे, कुणाची बोट आज निघणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकांत शोधायला गेलेल्या माणसाला ते पहिल्या आठवड्यातच कळतं.

माझ्या गावाकडच्या एका दोस्ताचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाची, पंख्याची मोटर उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश द्यायचं, असा धंदा. त्याचा मुलगा बी. कॉम. झाला, मुंबईला एका कंपनीत कर्जाच्या थकबाकीसाठी लोकांना फोन करायच्या कामावर लागला. तीन वर्षं त्यानं ते काम केलं. दिवसाला शे-सव्वाशे माणसांच्या शिव्या ऐकायच्या आणि संध्याकाळी लोकलला लटकायचं. एक दिवस तो परत आला आणि म्हणाला, मी हॅवलॉकला चाललो, स्कूबा डायव्हिंग शिकणार आणि तिथंच राहणार. घरात रडारड झाली. दोस्तानं मला बोलावलं, ‘तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो.’

मुलगा मला बघून खूश झाला. म्हणाला, ‘चाचा, तुम्ही कवी आहात. तुम्ही तरी हो म्हणाल.’

मी काही म्हणायच्या आत त्याची दादी बोलली. तिचा नवरा, म्हणजे मुलाचे दादा, आयुष्यभर जहाजावर खलाशी होते. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत हे नवं नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं जहाजावर गेली, आफ्रिकेत गेली, नंतर आखातात गेली. दादीला समुद्राची भीती नव्हती आणि दूर जाण्याचंही काही वाटत नव्हतं. तिनं नोकरीविषयीदेखील विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, ‘तिथं आपलं कोण आहे रे?’

मुलगा हसला. त्याला तो म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न वाटला. मला मात्र वाटतं, या विषयावर विचारण्यासारखा तोच एक प्रश्न आहे. आमच्याकडची माणसं आफ्रिकेत किंवा आखातात गेली ती आधी गेलेल्या कुणाच्या तरी ओळखीवर. पहिल्या रात्री झोपायला कुणाची तरी खोली असायची, आणि कामाचं बघणारा कुणीतरी मामा किंवा मेहुणा असायचा. नोकरी नसलेला माणूस तगतो तो अशा ओळखीवर. आणि जिथं आपलं कुणीच नाही, तिथं आपलं कुणीतरी व्हावं म्हणून काय करावं लागतं?

इतिहासात याचं एक नामी उदाहरण आहे. मोरोक्कोतल्या तांजियरचा इब्न बतुता. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १३२५ मध्ये तो घरातून निघाला आणि फिरत फिरत दिल्लीला महंमद तुघलकाच्या दरबारात काझी झाला. सुलतानानं त्याला भेटवस्तू घेऊन चीनला वकील म्हणून पाठवलं. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळानं जहाज फुटलं, नजराणा बुडाला. रिकाम्या हातानं तुघलकापुढं जायची त्याची छाती नव्हती. म्हणजे गृहस्थ बेकार झाला. तेव्हा तो चाळिशीला आला होता. इकडंतिकडं काही काळ काढून १३४३ च्या सुमारास तो कालिकतहून मालदीवला जायला निघाला. दहा दिवसांत पोचलो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

मालदीवची त्यानं केलेली वर्णनं आजही वाचावीत अशी आहेत. तिथं भात पिकत नव्हतं. माणसं मासे आणि नारळ खायची, काथ्या वळायची. त्या काथ्यानं जहाजांच्या फळ्या शिवल्या जायच्या. आणि समुद्रातून कवड्या गोळा करायची. त्या कवड्या बंगालात जायच्या, तिथं नाणं म्हणून चालायच्या, आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ यायचा. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी नाही’ म्हणतो. नाणं म्हणून चालणारी ती कवडी मोठ्या प्रमाणावर मालदीवच्या समुद्रातूनच येत असे. सातशे वर्षांपूर्वीचं हे गणित प्रत्येक बेटाला आजही लागू आहे. समुद्र देईल ते बाहेर द्यायचं आणि तांदळाची वाट बघायची.

तर इब्न बतुताला तिथं कामाला वेळ लागला नाही. उलट आपण काझी होतो हे त्यानं लपवायचा प्रयत्न केला, कारण कळलं तर हे लोक आपल्याला सोडणार नाहीत अशी त्याला भीती होती. कुणीतरी आगाऊपणानं ते कळवलंच. तिथं शिकलेल्या काझीची वाण होती. गादीवर खदीजा नावाची राणी होती आणि कारभार वजीर बघायचा. त्यांनी त्याला घर दिलं, भेटी दिल्या, मोठ्या घरच्या बायकांशी लग्नं लावून दिली आणि काझीच्या जागेवर बसवलं. बेटावर जे नाही ते ज्याच्याकडं आहे, त्याला बेट हाताला धरून आत घेतं. हा झाला पहिला धडा.

दुसरा धडा पुढं आहे. काझी झाल्या झाल्या गृहस्थ बेट सुधारायला निघाला. शुक्रवारच्या नमाजाला न येणाऱ्यांना फटके मारायचं फर्मान त्यानं काढलं. तिथल्या बायका कमरेवर वस्त्र घेत नसत. त्यांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून त्यानं हुकूम सोडले. त्यात त्याला यश आलं नाही, असं तो स्वतःच लिहितो. एका चोराचा हात तोडायची शिक्षा दिली तेव्हा कचेरीत हजर असलेली काही माणसं चक्कर येऊन पडली. मऊ स्वभावाची, आपसांत सांभाळून राहणारी ती माणसं होती. हळूहळू वजिराशी बिनसलं. शेवटी बायकांना तलाक देऊन तो जहाजात बसला. काम, घर, मान, सगळं मिळूनही तो तिथला झाला नाही. ‘आपल्याकडं असं करतात’ हे वाक्य त्याला सोडता आलं नाही. बेटावर उतरलेल्या आजच्या पाहुण्याच्या तोंडीही हे वाक्य पहिल्याच दिवशी येतं. चहा असा नको, बोट वेळेवर का नाही, इथं कुणाला घाईच कशी नाही?

आता अंदमानकडं वळू. बेकार माणूस बेटावर उतरतो तेव्हा काय होतं, याचा अनुभव अंदमानइतका क्वचितच दुसऱ्या कुठल्या बेटाला असेल. १८५७ चं बंड मोडल्यावर इंग्रजांनी १८५८ च्या मार्चमध्ये दोनशे कैद्यांची पहिली तुकडी तिथं उतरवली. पुढची ऐंशी वर्षं कैदी येत राहिले. सेल्युलर जेल बांधून पूर्ण झालं १९०६ मध्ये, म्हणजे त्याच्या आधीची जवळपास पन्नास वर्षं कैदी उघड्यावर, बराकीत, जंगल तोडत, दलदल बुजवत जगले आणि मेले. मिर्झा गालिब ज्यांना मानत असे ते विद्वान मौलाना फजले हक खैराबादी त्यांतले एक. १८६१ मध्ये तिथल्याच मातीत गेले.

पण फारसं सांगितलं जात नाही ते पुढचं. ज्या कैद्याची वर्तणूक चांगली, त्याला काही वर्षांनी एक परवाना मिळे आणि सरकारी शिधा बंद होई. ‘आता तू आपलं आपण कमावून खा.’ अशा कैद्याला सरकारी कागदात ‘सेल्फ सपोर्टर’ म्हणत. त्यानं जमीन कसावी, गुरं पाळावीत, दुकान टाकावं. देशाकडून बायकोला बोलवावं किंवा तिथल्याच कैदी बाईशी लग्न करावं. बंगाली, पंजाबी, मराठी, मद्रासी, हिंदू, मुसलमान, सगळ्या जातींची ही माणसं. त्यांचं कुणीच तिथं नव्हतं. त्यांनी एकमेकांना आपलं केलं. मौलाना जाफर थानेसरी यांना १८६६ मध्ये तिथं नेलं. तिथं त्यांनी मुन्शीचं काम केलं, इंग्रजी शिकले, संसार मांडला आणि १८८३ मध्ये सुटून आल्यावर आपला वृत्तांत उर्दूत लिहिला. या कैद्यांची मुलं-नातवंडं म्हणजे आजचे ‘लोकल बॉर्न’. त्यांची भाषा हिंदुस्तानी. शेजाऱ्याची जात कुठली, हे विचारायची सोय त्यांच्या आजोबांना परवडली नव्हती.

नंतरही लोक आले. १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर मोपल्यांना आणलं. त्यांनी वसवलेल्या गावांना त्यांनी आपल्याच मुलखाची नावं दिली. दक्षिण अंदमानात आज कालिकत आहे, मंजेरी आहे, मलप्पुरम आहे, वंडूर आहे. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन आले. छोटानागपूरचे आदिवासी जंगल तोडायला आले. त्यांना सगळे ‘रांची’च म्हणतात. १९४९ पासून पूर्व बंगालचे निर्वासित आले. यांतल्या बहुतेकांच्या हातात ना नोकरी होती ना निवड. पण कोयता धरता येत होता, भात लावता येत होतं, मासा पकडता येत होता.

आणि या सगळ्यांच्या आधीपासून तिथं जारवा, ओंगी, सेंटिनली, ग्रेट अंदमानी होतेच. निकोबारला निकोबारी आणि शोम्पेन. बाहेरच्या माणसांनी बेटावर घर केलं त्याची किंमत मुख्यतः त्यांनी मोजली. रोगराईनं आणि बंदुकीनं ग्रेट अंदमानी हजारोंचे काही डझन उरले. म्हणून १९५६ पासून त्यांच्या मुलखात जायला कायद्यानं बंदी आहे. २०१८ मध्ये सव्वीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण हा कायदा मोडून धर्मप्रचारासाठी सेंटिनल बेटावर उतरला आणि प्राणाला मुकला. बोलावणं नसताना जाण्याचं ते टोकाचं उदाहरण. पण लक्षात असू द्या, निकोबारलाही आपल्याला परवान्याशिवाय जाता येत नाही, लक्षद्वीपलाही नाही. भारतीय नागरिक असलो म्हणून प्रत्येक किनारा आपली वाट बघत बसलेला नाही.

आता आजची परिस्थिती. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. लोकांच्या तोंडी अजून जुनी नावं जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत दोन्ही द्वीपसमूह मिळून लोकसंख्या होती ३ लाख ८० हजार ५८१. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, पण त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त जंगल. म्हणजे घर बांधायला, दुकान टाकायला जमीन थोडी. सरकार हाच तिथला सगळ्यांत मोठा मालक, आणि सरकारी नोकऱ्यांत तिथल्या रहिवाशांचा हक्क आधी. तो योग्यही आहे. बाहेरून गेलेल्याला उरतं ते पर्यटन.

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. आपल्याला आनंद देणारी मोसमी वाऱ्याची बातमी हॅवलॉकच्या बोटवाल्याच्या दृष्टीनं हंगाम संपल्याची बातमी असते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नैर्ऋत्येचा संपतो न संपतो तोच ईशान्येचा येतो. समुद्र खवळला की बेटाबेटांमधल्या बोटी बंद. चार महिने खोल्या रिकाम्या, आणि हंगामी पोरांना मालक सांगतो, ऑक्टोबरात या. भाजी, कांदे, बटाटे, सिमेंट, औषधं, गॅस, बरंचसं चेन्नई-कोलकात्याहून जहाजानं येतं. चेन्नईपासून अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, प्रवासी जहाजाला तीन दिवस. जहाज लांबलं की बाजारात भाजीचा भाव चढतो. १९४२ ते १९४५ या काळात बेटं जपान्यांच्या ताब्यात होती आणि मुख्य भूमीची जहाजं बंद झाली, तेव्हा अन्नाचे किती हाल झाले हे तिथल्या जुन्या घरांत अजून सांगतात. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते; पावसाचं पाणी उतारावरून समुद्रात जातं. दुखणं मोठं असलं तर रुग्णाला चेन्नईला न्यावं लागतं. घड्याळ आपलंच, पण सूर्य वेगळा. पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाच-सव्वापाचला दिवे लागतात.

‘चाचा, माझ्याकडं लॅपटॉप आहे,’ मुलगा मला म्हणाला होता. खरं आहे, २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल तिथं पोचली आणि इंटरनेट पुष्कळ सुधारलं. ज्यांचं काम नुसत्या लॅपटॉपवर चालतं त्यांना ही सोय झाली. पण तीही पूर्ण तोड नाही. पगार मुंबईचा आणि खोली बेटावरची, असं दहा-वीस जणांनी केलं की तिथल्या शिक्षकाला, नर्सला भाड्यानं खोली परवडेनाशी होते. याबद्दल गोव्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा. पैसे असलेला पाहुणासुद्धा बेटावर एक जास्तीचं तोंड असतो, एक जास्तीची बादली असतो.

मी त्या मुलाला नको म्हटलं नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला बांधून ठेवता येत नाही, आणि रोज शिव्या ऐकण्याच्या नोकरीत परत ढकलावं असं मला वाटतही नव्हतं. एवढंच विचारलं, ‘तुला हातानं काय काम येतं?’ तो जरा गोंधळला. म्हणाला, ‘तसं काही नाही. म्हणजे अब्बांच्या दुकानातलं येतं. लहानपणापासून बसतोय ना तिथं.’ ते त्याला सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

तो ऑक्टोबरमध्ये गेला. डायव्हिंगच्या एका ठिकाणी टाक्या उचलायच्या, रबरी सूट धुऊन वाळत घालायचे, त्याबदली जेवण आणि झोपायला बाकडं. तो फोनवर खूश होता. जूनमध्ये काम सुटलं. शिल्लक संपत आली. जवळच्या एका खानावळीत उधारीवर जेवत होता. एक दिवस त्या खानावळीचा पाण्याचा पंप जळाला. मोटर बोटीतून मोठ्या बेटावर पाठवायची, तिथून ती कधी परत येईल ते पावसावर. यानं ती उघडली. तार नव्हती, म्हणून दुसऱ्या एका मोडक्या मोटरीतली काढली आणि दोन दिवस बसून जमवलं. तिथल्या खारट हवेत बेअरिंग गंजतात, मोटरी लवकर जातात. महिन्याभरात त्याच्याकडं पंप, पंखे, मिक्सर येऊ लागले. मग दोस्ताचा फोन आला. आवाजात वेगळाच दिमाख. ‘अरे, पोरगा तांब्याची तार मागवतोय. गेज सांगतोय मला. इन्सुलेशन पेपर पाठवा म्हणतो, वार्निश पाठवा म्हणतो.’ ज्या दुकानापासून पोरगा पळाला होता, ते त्याच्यामागून समुद्र ओलांडून गेलं.

ही गोष्ट इथं संपवली तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. पण ऑगस्टमध्ये दादी गेली. फजरच्या वेळी गेली आणि आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत. असरच्या नमाजानंतर माती झाली. त्याला कळलं तेव्हा समुद्र खवळलेला होता, बोटी दोन दिवस बंद होत्या. मग बोट, मग विमान, मग चेन्नई, मुंबई, आणि रात्रीची एस. टी. तो पाचव्या दिवशी पोचला. कबरीवरची माती पावसानं खाली बसलेली होती. तिच्या नवऱ्यालाही, मला आठवतं, आपल्या आईच्या मातीला येता आलं नव्हतं. तेव्हा तो जहाजावर होता, कुठल्या बंदरात होता हेही घरी माहीत नव्हतं.

चाळीस दिवस मुलगा घरी राहिला. शेजारीपाजारी म्हणत होते, आता काही हा परत जात नाही. त्या दिवसांत त्याच्या फोनवर तिकडून फोन येत. खानावळीची बंगाली मालकीण विचारायची, ‘जेवतोस ना?’ बोटीवरचा एक रांची मुलगा विचारायचा, ‘कधी येतोस?’ पंपासाठी नव्हे; पंपाचं नंतर विचारायचे. दोस्त हे सगळं ऐकत होता. चाळिसावा झाल्यावर त्यानं स्वतःच पोराला स्टेशनवर सोडलं. मला एवढंच म्हणाला, ‘अम्मा विचारत होती ना, तिथं आपलं कोण म्हणून. तिला सांगायला हवं होतं.’

तेव्हा मित्रहो, जायचं असेल तर जा. पण काही गोष्टी गाठीला बांधून जा.

परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. त्यांखेरीज निदान सहा महिने बसून खाता येईल एवढी शिल्लक हवी, कारण त्यांतले चार महिने पावसाचे निघू शकतात. शक्य असेल तर पहिल्यांदा हंगामात न जाता जुलैत पंधरा दिवस जाऊन या. पावसात जे बेट आवडलं ते तुमचं. घरी वय झालेली माणसं असतील तर त्यांच्याशी आधीच नीट बोलून घ्या. आपल्याला यायला पाच दिवस लागू शकतात हे त्यांना आणि स्वतःला स्पष्ट सांगा. ते न बोलता निघालात तर ते ओझं बरोबर येतं.

हातात एखादं काम घेऊन जा. पदवी चालेल, पण हातातलं काम आधी चालतं. नळ दुरुस्ती, वायरिंग, सुतारकाम, शिवण, स्वयंपाक, रुग्णाची शुश्रूषा, मुलांना गणित शिकवणं. बेटावर माणूस मोजका असतो, त्यामुळं प्रत्येक कामाचा माणूस कमीच असतो. आपल्या घरात, वडिलांच्या दुकानात, आईच्या हाताखाली आपण जे सहज शिकलो आणि ज्याची लाज वाटली, ते एकदा पुन्हा आठवून बघा.

आणि पहिलं वर्षभर बेट सुधारायला जाऊ नका. इब्न बतुतासारख्या जग बघितलेल्या माणसाला ते जमलं नाही. तिथली माणसं सावकाश बोलत असतील तर सावकाश बोला. बोट आज नाही म्हटलं तर आज नाही. त्यांच्या आजोबांनी ज्या जमिनीवर काही नसताना पाय रोवले, तिथं आपण तिकीट काढून आलो आहोत, याची आठवण राहिली की बोलणं आपोआप नीट होतं.

मोपल्यांनी आपल्या गावाला कालिकत नाव दिलं तेव्हा खरं कालिकत त्यांना पुन्हा दिसेल अशी खात्री नव्हती. आज त्या अंदमानातल्या कालिकतमध्ये जन्मलेल्या मुलाला घर म्हणजे तेच कालिकत. बाहेरून आलेल्या माणसांना तिथं पोचायला दोन-तीन पिढ्या लागल्या. तुम्हाला पुढच्या हंगामापर्यंत नोकरी मिळेलही कदाचित. बाकीच्याला वेळ द्या.

एवढं बोलून आपली रजा घेतो. नमस्कार. खुदा हाफिज.